आधी मावशीला

रुहीने आईला पुढच्या सीटवर बसवलं, तेव्हा प्रतिमाला बरं वाटलं होतं. पण ते बरं वाटणं अ‍ॅस्टोरियाच्या पुलापर्यंतच टिकलं.

चार मैलांचा पूल. खाली कोलंबिया नदी समुद्राला मिळत होती आणि पलीकडच्या टेकडीवरची रंगीत घरं धुक्यातून एकेक करून दिसायला लागली होती. ऑगस्ट संपत आला होता. गाडी चालवता चालवता रुहीने आरशातून मागे पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, रिमेंबर द पेलिकन?"

मागच्या सीटवर सुचित्रा खो खो हसत सुटली. रुहीलाही हसू आवरेना.

"कसला पेलिकन?" प्रतिमाने विचारलं.

"नथिंग, आई. यू हॅड टु बी देअर."

 पूल संपेपर्यंत प्रतिमाच्या मागून हसण्याचे उमाळे येत होते.

तसं पाहिलं तर यात दोष तिने स्वतःलाच द्यायला हवा होता. सहा वर्षांपूर्वी रुहीला सिअ‍ॅटलच्या एका नाटक कंपनीत प्रकाशयोजनेचं काम मिळालं आणि ती मिशिगनमधलं नोव्हायचं घर सोडून निघाली, तेव्हा प्रतिमानेच धाकट्या बहिणीला फोन केला होता. सुचित्रा सिअ‍ॅटलशेजारच्या बेलव्ह्यूत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी करत होती. नाशिकचा संसार मोडून आलेली, एकटी, मूलबाळ नाही. "सुचू, पोरीवर लक्ष ठेव गं," एवढंच प्रतिमा म्हणाली होती. सुचित्राने लक्ष ठेवलं. इतकं चोख ठेवलं, की आता प्रतिमाच्या पोटात दुखत होतं. तीस वर्षं इस्पितळात पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करून ती गेल्या वर्षी निवृत्त झाली होती. आता पोरीसाठी वेळच वेळ होता, पण पोर आता तिच्याजवळ नव्हती. ही चार दिवसांची सहल तिने मोठ्या हौसेने मागून घेतली होती. "आपण दोघीच जाऊ," असं ती म्हणाली होती. रुही लगेच म्हणाली, "मावशीलाही घेऊ ना! शी नोज ऑल द गुड स्टॉप्स."

त्या संध्याकाळी अ‍ॅस्टोरियाच्या धक्क्यावर फिरताना, रुही फोटो काढायला पुढे गेली तेव्हा, सुचित्राने ताईचा हात धरला.

"ताई, एक सांगायचंय. मला फ्रिस्कोच्या ऑफिसात बढती मिळालीय. ऑक्टोबरमध्ये टेक्सासला जाईन. रुहीला अजून सांगितलं नाहीये. शेवटच्या दिवशी, नीट बसून सांगेन. तोवर तू काही बोलू नकोस हं."

"नाही गं," प्रतिमा म्हणाली, आणि मनातून तिला आनंद झाला. त्याची तिला थोडी लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी रस्ता समुद्राला लागूनच होता. एका वळणावर गाडी थांबवून मावशी-भाचीने रस्त्याकडेच्या जाळीतून ब्लॅकबेरी तोडल्या. दोघींचे ओठ जांभळे झाले. प्रतिमा गाडीला टेकून उभी होती. तिलाही बोलावलं होतं, नाही असं नाही, पण काट्यांचं निमित्त करून ती गेली नाही. पुढे टिलामूकला चीजचा कारखाना बघायला सगळ्या उतरल्या. तिथे रांगेत वीस मिनिटं उभं राहून तिने रुहीसाठी पीचचं आइस्क्रीम आणलं. लहानपणी रुही त्याच्यावर तुटून पडायची.

"ओह, आई..." रुहीने कप हातात घेतला खरा. "आय डोंट डू डेअरी एनिमोर. दोन वर्षं झाली. इट्स ओके, थँक यू."

"मी खाते," असं म्हणून सुचित्राने तो कप सहज काढून घेतला. तिला ठाऊक होतं. प्रतिमाला ठाऊक नव्हतं.

न्यूपोर्टच्या मोटेलमध्ये पोहोचल्या तेव्हा ऊन अजून होतं आणि खाडीतून समुद्रसिंहांचं भुंकणं ऐकू येत होतं. रुही ओलं जाकीट वरच्या खुंटीला अडकवायला टाचा उंचावून उभी राहिली. तिचा टी-शर्ट वर सरकला आणि प्रतिमाला तिच्या पोटावर तीन व्रण दिसले. एक बेंबीपाशी, दोन खाली बाजूला. अर्ध्या इंचाचे, अजून गुलाबी. हे कसले व्रण हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

रुही अंघोळीला गेल्यावर तिने सुचित्राला गॅलरीत गाठलं.

"केव्हा झालं ऑपरेशन?"

सुचित्राचा चेहरा पडला. "फेब्रुवारीत. ओव्हरीवर गाठ होती. साधीच निघाली, ताई. तिने मला शपथ घातली होती."

"फेब्रुवारीत तिला फ्लू झाला होता," प्रतिमा म्हणाली. "मी रोज फोन करत होते."

"हो. मी शेजारीच बसलेली असायचे."

ती शेजारी बसलेली असायची. प्रतिमाला मुलीच्या काळजीने चर्र व्हायला हवं होतं. ते झालंही, पण नंतर. आधी डोळ्यांपुढे आली ती खुर्ची, इस्पितळातल्या खाटेला लागून असलेली, आणि तिच्यात बसलेली सुचित्रा. हा क्रम तिला स्वतःलाच लाज आणणारा होता. पण त्या लाजेने आतली आग काही विझली नाही.

तिसऱ्या दिवशी याहाट्स नावाच्या चिमुकल्या गावात त्या जेवायला थांबल्या. काचेपलीकडे काळे खडक आणि त्यांच्यावर फुटणाऱ्या लाटा. रुही खुशीत होती.

"नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला मावशीकडे बारा लोक बोलावलेत," ती आईला सांगत होती. "माझे सगळे थिएटरवाले. मावशी मिसळ करणारेय!"

"यंदा कशी करेल?" प्रतिमा म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "ती तर ऑक्टोबरमध्ये फ्रिस्कोला चाललीय. कायमची. तुला सांगितलं नाही?"

सुचित्राने चमचा खाली ठेवला.

रुहीने आधी मावशीकडे पाहिलं, मग आईकडे, मग परत मावशीकडे. "आईला आधी सांगितलंस?" एवढंच ती म्हणाली आणि उठून बाहेर गेली. सुचित्रा ताईकडे न बघताच तिच्यामागे धावली.

प्रतिमाला हेच हवं होतं. आपल्याला सगळ्यांत शेवटी कळतं तेव्हा कसं वाटतं ते पोरीला एकदा कळू दे, आणि ते मावशीकडूनच कळू दे. पण काचेतून तिला जे दिसलं, त्याने ते समाधान टिकू दिलं नाही. खडकांपाशी उभी राहून रुही ओरडत होती. शब्द ऐकू येत नव्हते, हातवारे दिसत होते. सुचित्राही तितक्याच जोराने ओरडत होती. मग रुहीने तिच्या खांद्यावर कपाळ टेकलं, आणि तशीच रडत तिच्या पाठीवर मुठीने मारत राहिली.

एकतीस वर्षांत रुही प्रतिमाशी असं एकदाही भांडली नव्हती. ती आईशी नेहमी शहाण्यासारखं बोलायची. "शुअर, आई." "थँक यू, आई." प्रतिमा मैत्रिणींना अभिमानाने सांगायची, आमच्याकडे कधी आवाज चढत नाही. आता काचेला नाक लावून बघताना तिला त्या भांडणाचाच हेवा वाटला.

तिथून त्या पंचवीस मैलांवरच्या फ्लॉरेन्सला आल्या. तिथे वाळूच्या टेकड्यांपाशी गाडी लावल्यावर सुचित्रा म्हणाली, "मी कॉफी आणते," आणि दार जरा जोरातच लावून गेली.

प्रतिमाने पट्टा सोडला. "रुही, मावशी तुला उद्या सांगणार होती. तिने मला गप्प राहायला सांगितलं होतं. मी मुद्दाम बोलले."

"व्हाय?"

"जळले म्हणून. तुझ्या पोटावरचे व्रण पाहिले मी. तिला माहीत आणि मला नाही."

 रुहीचा आवाज एकदम चढला. "तू काय केलं असतंस, माहितेय? गाठीच्या स्लाइड्स मागवल्या असत्यास! सर्जनशी बोलली असतीस, सेकंड ओपिनियन घेतलं असतंस. माझा हात मोडला होता तेव्हा तू एक्स-रे वाचत होतीस, आई. मी बारा वर्षांची होते. बाबा रडत होते आणि तू एक्स-रे वाचत होतीस! मला रिपोर्ट नको होता. आय वॉज स्केअर्ड!"

 काल गॅलरीत, खुर्चीच्या त्या चित्रानंतर, प्रतिमाच्या मनात पहिला प्रश्न आला होता तो गाठीच्या बायोप्सीचाच.

"खरंय," ती म्हणाली. "मला तेवढंच येतं. वाचायला."

रुही बाहीने नाक पुसत होती. अजून रागावलेली होती. ती 'इट्स ओके' म्हणाली नाही आणि प्रतिमाला ते बरं वाटलं.

"मला सांग," प्रतिमा म्हणाली. "दुखायला लागलं तिथपासून. मी मध्ये काही विचारणार नाही."

"इट्स अ लाँग स्टोरी."

"असू दे."

रुहीने सांगायला सुरुवात केली. नाटकाच्या तालमीत शिडीवर चढलेली असताना कळ आली होती. खाली उतरून तिने आधी मावशीला फोन केला होता.  प्रतिमा ऐकत राहिली. एवढ्यात, उघड्या खिडकीतून शिडीचं ऐकतच, सुचित्रा तीन कॉफ्या घेऊन आली आणि मागे बसली.

"सुचू," प्रतिमा वळून म्हणाली, "ते तू सांगायचं होतंस. मी तुझ्याकडून हिसकावलं. चुकलं माझं."

"चुकलंच," सुचित्रा म्हणाली. तिने कॉफी पुढे केली, पण हसली नाही. "मी काही दिवस तुझ्यावर रागावलेली राहणार आहे, ताई."

"राहा."

"आणि तू शिडीवर नव्हतीस," सुचित्रा भाचीला म्हणाली. "शिडीखाली होतीस तू. फोनवर तूच सांगितलंस."

"मावशी! हू इज टेलिंग द स्टोरी?"

दोघी वाद घालू लागल्या. शिडीवर की शिडीखाली. प्रतिमाने कॉफीचा घोट घेतला. हेवा गेला नव्हता. तो तिथेच होता, तिच्याबरोबर पुढच्या सीटवर. वाद मिटेपर्यंत ती थांबली.

"बरं, मग?" ती म्हणाली. "फोन केल्यावर पुढे?"