उलटी करून धुवायची

खिशाच्या कोपऱ्यात ठोकलेली ती तांब्याची चकती, टिकलीएवढी, आणि तिच्या कडेनं धरलेला काळपट मळ... कुसुमनं तो नखानं खरवडला आणि नख नाकाशी नेलं. नेऊ नये, तरी नेलंच. घाम, सिगारेट, आणि आणखी काहीतरी गोडसर, पावडरीसारखं. ही जीन्स ओली झाली की म्हशीच्या कातड्यासारखी जड होते. पिळायला दोन माणसं लागतात. तिच्या नवऱ्याची, ढुंढिराजांची पँट. पंचेचाळिशीत, पोट आत ओढून, श्वास कोंडून चढवलेली – गुडघ्याला बाशिंगच की.

सोड्याचं गरम पाणी ओतायला तिनं तपेलं उचललं, तोच मोरीच्या दारात ते येऊन उभे राहिले.

"अगं, गरम नको. उलटी करून धुवायची असते ती. गार पाण्यात. ब्रश लावायचा नाही, वाळवायची सावलीत. नाहीतर रंग जातो म्हणाली."

"कोण म्हणाली?"

"म्हणाला. मेन रोडचा दुकानदार."

एका वेलांटीचा काना करायला किती थोडा वेळ लागला त्यांना. सातपूरला त्यांच्या ऑफिसात कुणी नवी टायपिस्ट आली आहे, हे ती ऐकून होती. आज ती बाई थेट मोरीपर्यंत आली. उलटी... तिला ती खरोखरच येईलसं वाटलं.

ह्या माणसाला घरात साबण कुठं असतो ते ठाऊक नाही, तिच्या मनात आलं. नाना – माझे सासरे, जन्मभर इथल्या गंगेच्या घाटावर यात्रेकरूंचे विधी सांगितलेले सोवळे गृहस्थ – अंथरुणाला खिळले, तेव्हा वर्षभर त्यांची घाणीनं भरलेली फडकी मी ह्याच मोरीत धुतली, थंडीत, बोटांची सालं निघेपर्यंत. तेव्हा हे नाकाला रुमाल लावून ह्याच दारातून विचारायचे, "झालं का?" गार पाणी की गरम, ते कधी विचारलं नाही... आणि आता ह्या चिंधीचा रंग जाईल म्हणून जीव कासावीस.

"मग तुम्हीच धुवा," ती म्हणाली.

ते चिडतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी पायजमा वर खोचला आणि उकिडवे बसले. ती दारात सरकली. त्यांनी पँट उलटी केली, खिसे बाहेर काढले, आणि शिवणीवरून तळहात फिरवू लागले – सावकाश, न चोळता. पाणी निळं होऊन वाहू लागलं. रात्री दिवा मालवल्यावर हे हात कसे येतात, ते तिला माहीत होतं: रेशनच्या रांगेत पुढं घुसावं तसे. ते असेही चालतात? हे त्यांना त्या बाईनं शिकवलं, की आधीपासून येतच होतं...

एकेक सुरकुती ते बोटांनी सोडवत होते. आणि दोन मुलांची आई असलेली कुसुम दारात उभी राहून त्या पँटीचा हेवा करत होती. अंगावर सर्रकन काटा आला. शी. सकाळपासून त्यांची येत होती ती किळस आता आपलीच येतेय, हे तिला कळलं. तरी दारातून तिचा पाय निघेना.