‘रु’चा कप्पा

छत्तीस वर्षं मी देवरुखजवळच्या एका शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळला. बाईंना राग येत नाही, असं आमच्याकडचे पालक एकमेकांना सांगत. ते खरंच होतं. पण सौदीत राबिघला मुलाकडे आले आणि तिथे एका आठवड्यात मला इतका राग आला, की पोळीचं पीठ मळतानासुद्धा मी परातीवर हात आपटत होते.

निमित्त एका खोक्याचं.

माझा मुलगा पुष्कर इथल्या रिफायनरीत आहे, सून अर्चना दवाखान्यात नर्स. नात अपेक्षा नऊ वर्षांची. आमच्या कंपाउंडमध्ये, म्हणजे भिंतीआतल्या वसाहतीत, समोरच्या घरात कानाए नावाच्या जपानी बाई राहत. नवऱ्याची नोकरी रिफायनरीत, बाई आधी जपानमध्ये शाळेत गाणं शिकवायच्या. दर शनिवारी दुपारी त्या कंपाउंडमधल्या मुलींना जमवून गाणी शिकवत. मुली त्यांना सेन्सेई म्हणत, म्हणजे गुरुजी.

त्यांच्याकडे निळ्या कापडानं मढवलेलं एक लांबट खोकं होतं. त्यात कार्डं उभी लावलेली, एका कार्डावर एक गाणं. गाणी लावली होती नावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे. आधी अ, इ, उ, ए, ओ, मग का, की, कु, के, को, असे कप्पे. मुलीनं डोळे मिटून एका कप्प्यावर बोट ठेवायचं आणि त्या अक्षराचं गाणं म्हणायचं. ‘का’चा कप्पा इतका गच्च, की कार्ड ओढून काढावं लागे. ‘रु’चा कप्पा मात्र कोरा. त्या अक्षरावरून आपल्याला मुलांचं एकही गाणं सापडलं नाही, असं कानाएबाई म्हणाल्या.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खूश झाले. म्हटलं, अहो, या तर आमच्या भेंड्या! अपेक्षानं ते इंग्रजीत सांगितलं. कानाएबाईंनी मान डोलावली, पण त्यांचा एक नियम होता. गाणं सुरू केलं की शेवटपर्यंत म्हणायचं.

कानाएबाई एका मंगळवारी जपानला परत जायच्या होत्या, कायमच्या. त्याच्या दहा दिवस आधी, शनिवारी, त्यांनी मुलींना सांगितलं, “पुढच्या वेळी प्रत्येकीनं आपल्या घरच्या भाषेतलं एक गाणं आणायचं. पूर्ण. मी ते कार्डावर लिहून सोबत नेईन.”

अपेक्षा उड्या मारत घरी आली. “आजी, ‘रु’वालं साँग पाहिजे! माझं एकटीचं कार्ड असेल त्या बॉक्समध्ये!”

मी तीन महिने तिला मराठी शिकवायला धडपडत होते. दहा मिनिटं झाली की “आजी, बोअरिंग” म्हणून पळायची. आता आपणहून मागत होती. मी तिला मांडीवरच घेतलं आणि म्हटलं,

“रुसलं गं रुसलं, रेडकू रुसलं,
गोठ्याच्या दाराशी चिखलात बसलं.”

“रेडकू म्हणजे?”

“म्हशीचं पिल्लू.”

“सो क्यूट! का रुसलं?”

मी तोंड उघडलं. पुढे काहीच आलं नाही.

“आजी? मग?”

“आठवते गं. थांब जरा.”

आठवेना. रात्री नाही, सकाळी नाही. अर्चनानं फोनवर शोधलं, कुठेच नव्हतं. ते आमच्या गावच्या एका जुन्या बाईंचं गाणं, त्यांनी मला लहानपणी शिकवलेलं. छापलेलं कुठे असणार? म्हटलं, दुसरं गाणं देऊ. तर अपेक्षाला ‘रु’च हवा. शिवाय दुसरी आठवायला बसले आणि घामच फुटला. शंभरेक गाणी सुरू झाली आणि सगळी दुसऱ्या ओळीशी येऊन थांबली. जन्मभर भेंड्या खेळलो. दोन ओळी म्हणायच्या, अक्षर पलीकडच्यांच्या अंगावर टाकायचं की झालं. तिसरी ओळ कोणाला लागायची?

देवरुखला तुळसाबाईंना फोन लावला. त्या माझ्या शेजारचा वर्ग घ्यायच्या.

“रेडकू ना? येतंय की मला!” म्हणाल्या, आणि त्याच दोन ओळी म्हणून दाखवल्या.

“अहो, या मलाही येतात. पुढचं?”

“पुढचं तुमच्याच वर्गात असायचं. मला काय विचारताय?”

मग इकडेच, सौदीतल्या दम्मामला, केरूला फोन केला. केरू माझ्याच वर्गात शिकलेला, आता तिकडे पाईप फिटर आहे, कामगारांच्या कॅम्पमध्ये राहतो. दर ईदच्या सुट्टीत न चुकता फोन करतो.

“बाई, ते गाणं विसरेन होय? सगळं पाठ आहे!”

“म्हण बाबा, म्हण.” मी वही पुढे ओढली. अपेक्षा माझ्या खांद्यावर वाकली.

त्यानं खणखणीत आवाजात दोन ओळी म्हटल्या आणि ओरडला, “रु! रु! रु!”

“हे काय?”

“पुढचं असंच होतं ना. तुम्ही टेबलावर पट्टी आपटायचात, आम्ही ‘रु’ ओरडायचो, मग पाटीवर दहा वेळा ‘रु’ काढायचा. खलास.”

“आणि गाणं?”

“गाणं तेवढंच होतं, बाई.”

मी फोन ठेवला. गाणं तेवढंच नव्हतं. आमच्या त्या जुन्या बाई ते अंगणात फेर धरून म्हणायच्या, चांगलं लांबलचक होतं. अक्षर शिकवण्यापुरतं मीच ते तोडलं. छत्तीस वर्षं, दर वर्षी चाळीस पोरं. एकानंही विचारलं नव्हतं की रेडकू का रुसलं. विचारलंही असेल एखाद्यानं. मी म्हटलं असेल, गप्प बस, ‘रु’ काढ.

शेवटी मीच उरलेलं रचायला बसले. रेडकाला आई समजावते, रेडकू हात-पाय धुतं, अभ्यास करतं, वेळेवर झोपतं.

अपेक्षानं ऐकून घेतलं. “आजी, हे रेडकू होमवर्क का करतंय?”

“चांगल्या सवयी आहेत त्या!”

“इट्स सो बोअरिंग. तो तर रुसलाय ना!”

मी वही मिटून भिंतीकडे तोंड करून बसले. या वयात!

शनिवार आला. मुलींपैकी अफशाँनं लखनौकडची पाच कडव्यांची अंगाई म्हटली. अरवानं तिच्या आजीचं अरबी गाणं म्हटलं, टाळ्यांसकट. कानाएबाईंनी दोन्ही कार्डं लिहून खोक्यात लावली. मग अपेक्षा उभी राहिली. दोन ओळी म्हणाली, त्यांचा अर्थ सांगितला आणि थांबली. कानाएबाई पेन धरून वाट पाहत होत्या.

“एवढंच,” अपेक्षा म्हणाली.

“रुसलं, चिखलात बसलं. मग?”

“माहीत नाही.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “हे अजून गाणं नाही,” त्या अगदी हळू म्हणाल्या, आणि कोरं कार्ड तिच्या हातात दिलं. “पूर्ण झालं की आण.”

अपेक्षा रडतच घरी आली आणि तिनं हे सगळं सांगितलं. मी इतकी चिडले, की समोर जाऊन बोलून येणार होते. नऊ वर्षांची पोर, दोन ओळी लिहून घेतल्या असत्या तर त्यांचं काय गेलं असतं? मी तर प्रत्येक पोराच्या अर्ध्या उत्तरालासुद्धा ‘शाब्बास’ म्हणत आले. चपला पायात घातल्या, आणि दारातच थांबले. माझी अर्धी शाब्बासकी घेऊनच तर केरू इतकी वर्षं ‘रु, रु’ करत बसला होता.

रविवार फुगून बसण्यात गेला. सोमवारी अपेक्षा शाळेतून आली तेव्हा कंपाउंडच्या पाण्याच्या टाकीशी टँकर लागला होता. ड्रायव्हर जमालुद्दीन पाईप जोडत होता, खाली चिखल झालेला. ती खिडकीत बराच वेळ उभी राहिली. मग दप्तर टाकून म्हणाली, “आजी, लिही. मी सांगते.”

“मी नाही लिहिणार. तू लिही.”

“मला स्लो होतं.”

“होऊ दे.”

तिनं त्या कोऱ्या कार्डावर लिहिलं. चार ओळींना दीड तास लागला. दर दुसऱ्या अक्षराला “आजी, ‘ख’ कसा?” मी दाखवायचे, ती खोडायची. ओळी अशा:

आईनं बोलावलं, तरी नाही उठलं,
टँकर आला दारात, तेव्हा जरा हसलं.
काकांनी पाण्याचा पाईप धरला वर,
रेडकू म्हणालं, यल्ला, अजून जरा कर!

‘यल्ला’ म्हणजे अरबीत ‘चल, चल’. आणि त्याच्या खाली: चिखल गेला, राग गेला, खलास.

“शेवट जुळत नाही,” मी म्हटलं. “‘खलास’ला काहीतरी जुळवायला हवं.”

“संपलं की इथे अरबीत सगळे खलासच म्हणतात, आजी.”

“पण ते का रुसलं, तेही कुठे आलंय?”

“कारण त्याला कोणी आंघोळ घातली नव्हती. कळतं ते!”

मला काही कळलं नव्हतं. दोन ओळी तरी बदलाव्यात, असं फार वाटत होतं. पेन्सिल उचललीसुद्धा. तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि कार्ड घेऊन चपला न घालता समोर धावली. मी मागून.

कानाएबाईंचं घर रिकामं झालं होतं. भिंतीशी खाकी खोकी, त्यांवर चिकटपट्ट्या. अपेक्षानं दारातच सगळं गाणं म्हटलं, थेट खलासपर्यंत. पाच वर्षं या देशात काढलेल्या बाईला तो शब्द समजावून सांगायची गरज नव्हती. त्या हसल्या. मग गुडघ्यांवर बसून त्यांनी एका खोक्याची पट्टी सुरीनं कापली, आतून निळं खोकं काढलं आणि कार्ड मागितलं. अपेक्षाच्या वेड्यावाकड्या मराठीखाली त्या आपल्या लिपीत एकेक अक्षर लिहीत गेल्या आणि म्हणून पाहू लागल्या. ‘चिखल’पाशी त्यांची जीभ अडली. त्या हात हलवून म्हणाल्या, “पुरे, बाकीचं तिकडे गेल्यावर शिकते.”

“नाही, सेन्सेई,” अपेक्षा त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. “परत. पहिल्यापासून. थांबायचं नाही.”