शुभांगीचं पॅड राणीच्या मांडीवर

मित्रांनो, मी एक जुनं पॅड आहे. परीक्षेला नेतात ना, तसलं. तपकिरी हार्डबोर्डचं, वर लोखंडी चाप. चाप आता गंजलाय, एका कोपऱ्याचे पापुद्रे सुटलेत, आणि पाठीवर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. तरी कागद अजून घट्ट धरतो मी.

कारखान्यात मला मोठ्या तावातून कापलं, कडा घासल्या, चाप ठोकला. मग पौडच्या एका स्टेशनरीच्या दुकानात मी सुतळीला लटकत होतो. भरे गावचे कुशाबा आले आणि मडकं वाजवून घेतात तसं मला वाजवून बघू लागले. दुकानदार हसला.

"कुशाबा, पाणी भरायचंय का त्यात?"

"पोरगी लई दाबून लिवती बाबा. मोडंल ते नको."

ती पोरगी म्हणजे शुभांगी. खरंच दाबून लिहायची. मित्रांनो, तुमचं अक्षर बाई बघतात, पण तुमचा हात किती जड आहे ते फक्त पॅडला कळतं. इंग्रजीच्या पेपरला तिचा तळवा घामानं माझ्या अंगाला चिकटला होता, आणि अर्थशास्त्राच्या पेपरला ती इतकी खुशीत होती की पुरवणी लावताना चाप दोनदा उगाचच वाजवला.

बारावीला तिला भरपूर मार्क पडले. त्या दिवशी कुशाबांनी मला टीव्हीवर नेऊन ठेवलं, फुलदाणीशेजारी! येईल त्याला सांगायचे, "ह्याच्यावरच लिवलंय सगळं." पुढं तिच्याबरोबर पुण्याच्या कॉलेजातही गेलो. तिथं काचेच्या कपाटात यादी लावलेली. पहिल्याच यादीत आपलं नाव बघून शुभांगीनं मला छातीशी असं आवळलं की चापाचा वळ तिच्या हातावर उठला. त्या काचेपुढची गर्दी, पोरींचे चित्कार, मागून कुणीतरी "जरा सरका की हो!" म्हणून ओरडणं... ते सगळं अजून आठवतं मला.

मग शिक्षण झालं, लग्न झालं, आणि शुभांगीच्या ट्रंकेतून मी तिच्या सासरी, मुठा गावाला आलो. तिथं मला पेपर कुठला? कधी दुधाच्या पातेल्यावर झाकण, कधी चुलीला वारा घालायला. शुभांगीची जुईली चालायला लागली तसा मी तिचा ढोलही झालो. मी तक्रार करत नाही. लहान हातांचा मार गोड असतो. पण कागदाचा वास येईना, आणि मन कशात लागेना.

शुभांगीची नणंद रेश्मा बारावीला आली तेव्हा माझी आशा पुन्हा जागी झाली. पण ती कोथरूडच्या क्लासला जायची. तिथल्या सराव परीक्षाही कॉम्प्युटरवर. रविवारी घरी आली की मला बघून म्हणायची, "वहिनी, हे अजून ठेवलंय? म्युझियमला द्या ते."

मला मागितलं ते राणीनं. वरच्या वाडीतली कोंडाबाई शुभांगीच्या रानात मजुरीला यायची, तिची ही लेक. तीही बारावीला, कला शाखेला. एकदा आईबरोबर हरभरा उपटायला आली असताना तिनं मला ओट्यावर पाहिलं. हात परकराला पुसले आणि विचारलं, "ताई, हे मी नेऊ? आमच्याकडं भुई वर-खाली हाय. कागुद फाटतो."

राणीच्या मांडीवर मी पुन्हा पॅड झालो. तिला भूगोल आवडायचा, पुढं पुण्याच्या कॉलेजात तोच शिकायचा होता. नकाशे काढायची, नद्या निळ्या पेनानं. पण हात इतका हलका, की पेनालासुद्धा कळू नये आपण चालतोय. मला वाटायचं, ह्या पोरीला कुणीतरी सांगायला हवं, दाब जरा, तुझंच आहे ते.

आणि परीक्षा तोंडावर आलेली असताना कोंडाबाई मला परत घेऊन आली.

"घ्या ताई, तुमची फळी."

"अगं, सोमवारी पेपर ना तिचा?"

"न्हाई बसत ती. रेश्माताईच म्हनल्या तिला, बारावीच्या मार्कांला आता कोन इचारीत न्हाई. दुसरीच कसली परीक्षा लागती म्हन. तिचा फारम आमी भरला न्हाई. मग कशाला बसायचं? बंगल्यावर काम मिळतंय, सोमवारपासून जाईल."

रविवार होता. रेश्मा झोपाळ्यावर मोबाइल बघत बसलेली.

"वहिनी, मी काय खोटं बोलले का? इंजिनिअरिंगला सीईटीच बघतात. बोर्डात पात्रतेपुरते मार्क मिळाले की झालं."

"राणीला इंजिनिअर व्हायचंय का?"

"मला काय माहीत तिला काय व्हायचंय!"

"विचारलंस?"

रेश्मानं मोबाइल खाली ठेवला. 

शुभांगीनं जुईलीला कडेवर घेतलं, मला काखेत मारलं आणि वाडीची चढण धरली. कोंडाबाई मागून म्हणत राहिली, "आवं ताई, लेकराला ऊन लागंल!"

राणी भांडी घासत होती. मला बघून तिनं मान वळवली.

"राणी, बीएला सीईटी लागत नाही गं," शुभांगी धापा टाकत म्हणाली. "तू म्हणतेस त्या कॉलेजात बारावीचेच मार्क बघतात. मी तशीच गेले होते. आणि मुलींच्या सरकारी वसतिगृहाची यादी? तीपण मार्कांवरच लागते."

"वसतिगृहाची पन?" राणीचा हात थांबला. वसतिगृह मिळालं नाही तर पुण्यात राहायचं कुठं, आणि रोज वाडीवरून जायचं कसं? कॉलेजचं दार उघडलं तरी ती बाहेरच राहणार होती.

"रेश्माला तिची परीक्षा महत्त्वाची. तुला हीच आहे, राणी. दुसरं काही नाहीये आपल्या हातात."

राणीनं आईकडं पाहिलं. कोंडाबाई उंबऱ्यात टेकली.

"बंगल्यावरचं काम दुसरीला जाईल, ताई. परत मिळंल का?"

 जुईली माझा चाप वाजवत होती. मग कोंडाबाईच उठली.

"पेपर होस्तर मी जाते तिच्या जागी. भांडीच घासायचीत ना? मला काय येत न्हाईत व्हय?" आणि लेकीच्या पाठीत हलकेच थापटी मारली. "ऊठ. राखंचं हात धू आदी."

सोमवारी मी राणीबरोबर पौडला गेलो. पहिली ओळ तिनं हलकीच लिहिली. दुसरी जरा ठसठशीत. भूगोलाच्या पेपरला तर तिचं पेन असं रुतलं, की तिनं काढलेल्या नद्या माझ्या अंगावर अजून आहेत. बोट फिरवलंत तर लागतील.

निकाल लागला. राणी पहिल्या वर्गात पास झाली आणि कॉलेजच्या यादीत आलीही. राहिलं होतं ते वसतिगृह. त्याची यादी लागायची त्या दिवशी आम्ही वसतिगृहाच्या दारात होतो, राणीचे कागद माझ्या चापात. ते काढून घेऊन ती आत गेली, आणि कोंडाबाई मला दोन्ही हातांनी धरून रांगेबाहेर उभी राहिली. शेजारी जुन्नरकडची एक बाई होती.

"आमच्या पोरीला ऐंशी पडलेत, तरी जीव थाऱ्यावर न्हाई. तुमच्या पोरीला किती हो?"

कोंडाबाईला टक्के सांगता येईनात. ती नुसतीच दाराकडं बघत होती. तेवढ्यात राणी आली. ती आईच्या गळ्यातच पडली. मी दोघींच्या मध्ये.

बाईनं पुन्हा विचारलं, "किती पडले म्हनलं?"

कोंडाबाईनं डोळे पुसले आणि सांगितलं, "पुरंल येवढं पडलं, बाई."

मित्रांनो, मार्कांची याहून खरी किंमत मी आजवर ऐकली नाही. मार्क म्हणजे सगळं, असं कुणी म्हणालं किंवा मार्कांना काही अर्थ नाही, असं कुणी म्हणालं, तर लगेच मान डोलवू नका. कुठल्या दारासाठी आणि कुणासाठी, ते आधी विचारा. आणि परीक्षा संपली की तुमचं पॅड माळ्यावर फेकू नका. पुसा, चापाला तेलाचा थेंब सोडा, आणि शेजारपाजारी कुणाची परीक्षा आहे ते बघून या.