बुटकी गाडी

सुलेखा हिवराळे भूलतज्ज्ञ होती. आज फुलंब्री, उद्या वैजापूर, परवा शहरातलंच एखादं नर्सिंग होम, असं फिरून ती लोकांना झोपवायची आणि जाता-येता स्वतः मात्र टक्क जागी राहून गाडी हाणायची. दोन वर्षांपूर्वी तिनं छोटी, निळी, स्पोर्टी गाडी घेतली होती. इंजिन दांडगं. तक्रार एकच होती. वेगात वळण घेतलं की गाडी एका अंगावर कलायची. चौका घाटात तर प्रत्येक वळणाला तिला वाटायचं, गाडीला अजून पुढं पळायचंय, पण कमरेत जोर नाही.

तिचा नवरा इंद्रजीत कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचा. तो म्हणाला, "त्यात काय एवढं? डावीकडं झुकायचं की उजवीकडं, हे परिस्थिती बघून ठरवावं लागतं. गाडीला राजकारण कळतं."

"तुम्हाला मात्र घाट लागला की मळमळायला लागतं," सुलेखा म्हणाली.

हे खरंच होतं. इंद्रजीतला गाडी लागायची. लहानपणापासून. खिडकीशी बसायचं, लिंबू हुंगायचं, डोळे मिटायचे, आणि तरीही कुठंतरी गाडी थांबवायला लावायचीच. त्याची धाकटी बहीण विशाखा सोयगावला शिक्षिका होती. मधे अजिंठ्याचा घाट. त्यामुळे तो बहिणीकडं फारसा जायचाच नाही. बहीणच बिचारी दोन्ही लेकरं घेऊन इकडं यायची आणि भावाला टोमणे मारून जायची.

चिकलठाण्याला अभयचं गॅरेज होतं. शर्यतीच्या गाड्यांचं वेड असलेला हा गडी. सुलेखानं त्याला अडचण सांगितली, तसे त्याचे डोळे चमकले. जुने स्प्रिंग आणि शॉकअप काढून कडक बसवायचे, उंची आणि कडकपणा दोन्ही कमी-जास्त करता येतील असे. चाकांमधली आडवी दांडी जाड घालायची, म्हणजे गाडी कलणार नाही. मग नीट अलाइनमेंट.

"आणि थोडी खाली घेऊ का?" अभयनं विचारलं. "गाडी जमिनीला जितकी जवळ, तितकी वळणावर पक्की. दिसतेही झकास."

"घ्या."

गाडी खाली आली. दोघं लांब जाऊन तिच्याकडं बघत उभे राहिले. झकासच दिसत होती.

"अजून जरा?" अभय म्हणाला.

"अजून जरा," सुलेखा म्हणाली.

त्या 'अजून जरा'चा मोह दोघांनाही आवरला नाही.

संध्याकाळी नंदनवन कॉलनीतल्या घरासमोर गाडी उभी राहिली, तेव्हा सासूबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. मालनबाईंनी वाकून गाडीखाली बघितलं, मग सुनेकडं बघितलं.

"काय गं, हवा गेली का चाकांतली?"

"नाही हो आई. मुद्दाम खाली घेतलीय."

"पैसे देऊन?"

"देऊन."

मालनबाई पुन्हा लसूण सोलायला लागल्या. "माझे गुडघे बी असेच खाली गेलेत. माझ्याकडून तर कुणी पैसे घेतले नाय त्याचे."

इंद्रजीतला तर महिनाभराचा खुराक मिळाला. सकाळी तो गाडीजवळून जाताना मुद्दाम टाचा उंचावून चालायचा, जणू ती पायाखाली येईल. कॉलनीतल्या खड्ड्यावरून गाडी गेली की म्हणायचा, "वा, रस्त्यावरचा खडा न् खडा कळतोय. हा मुरमाचा, तो डांबराचा." सुलेखा हसायची, पण मनातून जरा खट्टू व्हायची. गाडी खरंच कडक झाली होती. हे तिला कबूल नव्हतं एवढंच.

अशात विशाखाचा फोन आला. सोयगावला तिचं नवं घर बांधून झालं होतं. रविवारी सकाळी बुद्धवंदना, मग जेवण. "दादा," ती म्हणाली, "या वेळी नाही आलास तर घरावर तुझं नाव लिहून ठेवते, 'येथे न आलेले मामा'."

आता सुटका नव्हती. रविवारी पहाटे इंद्रजीत पुढच्या सीटवर बसला. हातात लिंबू, खिशात गोळ्या, मांडीवर पिशवी. मालनबाई पांढरी साडी नेसून मागं. हर्सूल सुटलं, चौका घाट आला. इंद्रजीतनं डोळे मिटून घेतले.

सुलेखानं पहिलं वळण घेतलं. गाडी जागची हलली नाही, म्हणजे वळली, पण कलली नाही. जणू रस्त्याला चिकटूनच गेली. दुसरं वळण, तिसरं. स्टिअरिंग जरासं वळवलं की गाडी तिथंच, ना डुलणं ना झोकांडी. सुलेखाला मनातल्या मनात शिट्टी वाजवावीशी वाटली.

फुलंब्री गेलं, सिल्लोड गेलं. अजिंठ्याचा घाट उतरताना एका वळणावर समोरून एक टेम्पो दुसऱ्या गाडीला ओलांडत थेट यांच्या बाजूला आला. सुलेखानं ब्रेक मारला आणि गाडी डाव्या कडेला घेतली. एरवी गाडीनं अशा वेळी आधी एक झोला खाल्ला असता. या वेळी ती सरळ कडेला सरकली आणि टेम्पो भोंगा वाजवत निघून गेला. सगळं इतकं पटकन झालं, की मालनबाईंना कळायलाच वेळ लागला.

"मुडदा बशिवला त्याचा," त्या म्हणाल्या. "सुलेखा, बरी वाचिवलीस गं माय."

सुलेखानं गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. तिनं बाजूला बघितलं. इंद्रजीतचे डोळे उघडे होते. लिंबू खाली पडलं होतं.

"अहो, ठीक आहात ना? थांबवू का?"

इंद्रजीत विचारात पडल्यासारखा बसला होता. त्यानं पोटावर हात ठेवला, जरा वाट बघितली.

"मळमळत नाहीये," तो म्हणाला.

"काय?"

"अगं, घाट संपत आला. मला काहीच होत नाहीये."

मागून मालनबाई पुढं वाकल्या. "खरं सांग. लहानपणी बी असंच म्हणायचास अन् मंग माझ्या पदरात."

"खरंच, आई! गाडी झुलतच नाहीये, तर पोट कसं झुलेल?" एवढं बोलल्यावर आपण काय कबूल केलं, हे त्याच्या ध्यानात आलं. तो खिडकीबाहेर बघायला लागला.

सुलेखानं गियर बदलला. फर्दापूर येईपर्यंत ती फक्त गालातल्या गालात हसत राहिली, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

पण तिचं हे सुख सोयगावच्या रस्त्याला लागेपर्यंतच टिकलं. एका वस्तीसमोर लोकांनी आपल्या हातानं स्पीडब्रेकर घातला होता. घातला कसला, बांधच तो. सुलेखानं गाडी तिरकी घेतली, अगदी मुंगीच्या पावलानं. पुढची चाकं चढली, उतरली, आणि मग खालून 'खर्रर्र' आवाज येऊन गाडी मधोमध पोटावर बसली. एक चाक नुसतंच फिरायला लागलं.

मागून मेंढरांचा कळप येत होता. गाडी आडवी बघून मेंढरं दोन्हीकडून वाहायला लागली. त्यांच्यामागून लाल फेट्याचा मेंढपाळ आला. खंडेराव त्याचं नाव. काठी टेकून त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली.

"बसली का पोटावर?"

"व्हय," मालनबाई खिडकीतून म्हणाल्या. "लई लांबून आली, दमली."

"नवी दिसती. मंग इतकी बुटकी कशी?"

सुलेखा खाली उतरली होती. तिनं अगदी मनापासून समजावलं, की गाडी खाली घेतली म्हणजे तिचं वजन जमिनीजवळ येतं आणि वळणावर ती झुकत नाही.

खंडेरावानं सगळं ऐकून घेतलं. मान डोलावली. "बराबर हाय. पर मंग ताई, वळणावरच ऱ्हायचं ना. इकडं सरळ रस्त्याला कशाला आलात?"

इंद्रजीत इतका हसला, की त्याला बॉनेटचा आधार घ्यावा लागला. सुलेखानं त्याच्याकडं रागानं बघायचा प्रयत्न केला, पण तिलाही हसू फुटलं.

मालनबाई उतरल्या, इंद्रजीत उतरलेलाच होता. गाडी बोटभर वर आली. खंडेरावानं आणि इंद्रजीतनं मागून रेटा दिला, सुलेखानं आत बसून हलकेच रेस दिली, आणि गाडी पलीकडं गेली. मेंढरांतलं एक कोकरू तोवर मागच्या उघड्या दारातून आत चढून बसलं होतं. ते काही उतरायला तयार नव्हतं. शेवटी खंडेरावानं त्याला बगलेत घेतलं. "चल बाबा, तुला कशाला पायजे असली गाडी."

पुढच्या दोन्ही गावांत स्पीडब्रेकर आला की मायलेक मुकाट्यानं उतरायचे आणि पलीकडं जाऊन बसायचे. मालनबाईंना त्यात मजा वाटायला लागली. एका ठिकाणी तर ओट्यावरच्या बायकांशी गप्पा जमल्या आणि त्यांना हाका मारून आणावं लागलं.

सोयगावला पोहोचेपर्यंत वंदना सुरू झाली होती. तिघं मागच्या सतरंजीवर जाऊन बसले. सगळं आटोपल्यावर विशाखा धावत आली. तिनं आधी दादाचा चेहरा निरखला.

"दादा, तू पांढराफटक नाही दिसत! गोळी घेतलीस?"

"नाही."

"मग?"

इंद्रजीतनं सुलेखाकडं बघितलं. ती ताटात वाढून घेत होती. मुद्दाम वर बघत नव्हती.

"तुझ्या वहिनीनं गाडी दुरुस्त केली," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, बिघडवली."

विशाखानं वहिनीला गच्च मिठी मारली, आणि त्या गडबडीत वरणाची वाटी सतरंजीवर कलंडली.

दुसऱ्या दिवशी सुलेखा अभयकडं गेली. अभयनं गाडीखालच्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं आणि जीभ चावली. मग दोघांनी मिळून गाडी बेताची वर घेतली आणि कडकपणाही थोडा उतरवला. वळणावरची पकड मात्र तशीच राहिली.

त्यानंतरच्या रविवारी इंद्रजीत दूध आणायला म्हणून गाडीची किल्ली घेऊन गेला. एरवी तो दुधाला स्कूटरवर जायचा. बराच वेळ झाला, चहाचं आधण उकळून आटलं. शेवटी सुलेखानं फोन लावला.

"अहो, कुठं आहात?"

पलीकडून आधी वारा ऐकू आला. मग इंजिनचा आवाज.

"चौका घाटात," इंद्रजीत म्हणाला. "उतरून झालाय. आता पुन्हा चढतोय."