कॉर्नेलियसचा गुडघा

माझा धाकटा भाऊ कॉर्नेलियस साडेसहा फूट उंच आहे. आमच्या सॅगिनॉ शहरात काळ्या माणसाचं डोकं दाराच्या चौकटीला लागायला लागलं की लोकांना त्याला विचारायला एकच प्रश्न उरतो. शाळेतले मास्तर, बँकेतली बाई, दाढ काढणारा डॉक्टर, सगळ्यांचा त्याला तो विचारून झाला. "बास्केटबॉल खेळतोस ना?"

त्याला साधा चेंडू झेलता येत नाही. चौदाव्या वर्षी या विचारण्याला कंटाळून त्यानं सांगून टाकलं, की गुडघा अधू आहे. लोक हळहळले आणि पिच्छा सुटला. मग सव्वीस वर्षं तो तेच सांगत राहिला. हवा कुंद असली की आठवणीनं लंगडायचासुद्धा.

पाणीखात्यात फुटलेल्या नळांची कामं करायची आणि घरी आलं की मागच्या अंगणात घुसायचं, हा त्याचा दिनक्रम. अंगणात डेलिया. जेवणाच्या ताटाएवढं एकेक फूल. आमच्या चर्चमधल्या पुरुषमंडळींना ते काही बघवायचं नाही. ल्यूशियसकाका तर कुंपणाशी उभे राहून सुनवायचे, "अरे, एवढा धिप्पाड गडी तू, आणि गोऱ्या म्हाताऱ्या बायकांसारखी फुलं कसली कुरवाळतोस? पालेभाजी लाव, भेंडी लाव. आपल्या माणसाला शोभेल असं काहीतरी कर की."

कॉर्नेलियस हसायचा. भेंडीही लावायचा, अगदी कुंपणालगत, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला आधी तीच दिसावी.

गेल्या सप्टेंबरात मात्र अडकला. आमच्या माउंट हेब्रन चर्चमध्ये नवे पाळक आले होते, रेव्हरंड टॉलिव्हर. डेट्रॉइटचे, तरुण, अंगात भलता उत्साह. नदीपलीकडच्या चर्चकडून आम्ही बास्केटबॉलचा सामना नऊ वर्षं ओळीनं हरतोय हे त्यांना कुणीतरी सांगितलं. त्या रविवारी प्रवचन अर्ध्यावर थांबवून त्यांनी थेट माझ्या भावाकडे बोट केलं.

"ब्रदर कॉर्नेलियस, पुढे या. देवानं एवढी उंची दिली ती काय बाकावर बसायला? आज आपण सगळे मिळून तुमच्या गुडघ्यासाठी प्रार्थना करू. कुठला गुडघा?"

"डावा," कॉर्नेलियस म्हणाला.

"उजवा ना रे?" मागून ल्यूशियसकाका ओरडले.

"दोन्ही," कॉर्नेलियस म्हणाला.

रेव्हरंडनी दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले. सगळं चर्च उभं राहिलं, ऑर्गन वाजायला लागला, आमेनचा गजर झाला. मग रेव्हरंड म्हणाले, "आता चालून दाखवा." बिचारा काय करणार? चालला. बायका रडायला लागल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, पण ते हसू दाबून.

"येत्या शनिवारी ब्रदर कॉर्नेलियस आपल्याकडून खेळतील!" रेव्हरंडनी जाहीर केलं.

घरी येऊन तो स्वयंपाकघरात डोकं धरून बसला. शनिवारी सकाळी जिल्ह्याचं डेलियाचं प्रदर्शन होतं आणि त्यानं पहिल्यांदाच नाव दिलं होतं.

"सरळ सांग ना त्यांना खरं," मी म्हटलं.

"काय सांगू, अर्लीन? सव्वीस वर्षं खोटं बोललो म्हणून? आता तर देवालाही त्यात ओढलंय. मी खेळलो नाही तर प्रार्थना खोटी ठरते."

"आणि खेळलास तर?"

"तर आई आज हयात नाही याचं समाधान मानायचं."

शनिवारी सकाळी मीही गेले त्याच्याबरोबर. बाटलीत एकच फूल होतं, गर्द लाल. गाडीत ते मांडीवर घेऊन मी श्वाससुद्धा जपून घेतला. हॉलमध्ये शिरतोय तोच गळ्यात चष्मा अडकवलेली एक गोरी बाई लगबगीनं आली. "आलात? बरं झालं. ती सहा टेबलं पलीकडच्या भिंतीशी लावा बघू."

कॉर्नेलियसनं फूल माझ्या हातात दिलं आणि टेबलं उचलायला लागला!

माझा पारा चढला. "अरे, सांगत का नाहीस तिला?"

"सांगतो ना. दोनच राहिलीत."

टेबलं लावून झाल्यावर त्यानं त्याच बाईकडे स्पर्धकाचा बिल्ला मागितला. ती कानापर्यंत लाल झाली. माफी मागता मागता काहीतरी गोड बोलावं म्हणून म्हणाली, "केवढे उंच आहात हो तुम्ही! बास्केटबॉल खेळत असाल नाही?"

कॉर्नेलियसनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "हो. आज तीन वाजता."

तीन वाजता शाळेची व्यायामशाळा खचाखच भरली होती. आमची माणसं ढोलकं घेऊन आली होती. कॉर्नेलियस मैदानात उतरला तेव्हा पलीकडच्या संघाचे चेहरे पडले. ते सुख आम्हाला चार मिनिटं लाभलं. पहिला चेंडू त्याच्या छातीवर आपटून बाहेर गेला. दुसरा त्यानं पंचांना दिला. तिसरा मात्र घट्ट धरला, धावत सुटला, उडी मारली आणि बरोबर जाळ्यात टाकला. आमच्याच जाळ्यात.

मग पहिल्या रांगेतून चौऱ्याऐंशी वर्षांच्या ओझेलाआजींचा आवाज आला, "रेव्हरंड! ती प्रार्थना परत घ्या हो! त्याचा गुडघा होता तसा करा!"

अख्खी व्यायामशाळा हसली, दोन्ही बाजूंची. कॉर्नेलियसही मैदानाच्या मधोमध पोट धरून हसत होता. हसू ओसरल्यावर तो बाकाकडे आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझे गुडघे कधीच अधू नव्हते. मला खेळता येत नाही. कधीच येत नव्हतं. एवढा मोठा काळा माणूस, आणि खेळता येत नाही म्हणायची लाज वाटायची. मला फुलं लावता येतात. तेवढंच येतं."

सगळे रेव्हरंडकडे बघायला लागले.

"दर रविवारी प्रवचनाच्या शेवटी तुम्ही मला गायला सांगता," ते म्हणाले, "आणि मी घसा बसलाय म्हणतो. माझा घसा ठणठणीत आहे. मला गाता येत नाही. पाळक आणि गात नाही, असं कुठं असतं का? म्हणून गोळ्या चघळतो."

"आम्हाला ठाऊक आहे, लेकरा," ओझेलाआजी म्हणाल्या. "पहिल्या रविवारी सगळे गात होते तेव्हा तुमच्यासमोरचा माइक चालूच राहिला होता."

सामना आम्ही एकतीस गुणांनी हरलो. पण संध्याकाळी चर्चची व्हॅन भरून आमचा सगळा संघ, घामेजलेल्या बनियनांसकट, प्रदर्शनाच्या हॉलमध्ये घुसला. लाल डेलियाला दुसरा नंबर मिळाला होता. रेव्हरंडनी पहिल्या नंबरचं फूल बारकाईनं पाहिलं आणि परीक्षकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "आपल्यावर अन्याय झालाय." चष्मेवाल्या बाईनं कॉर्नेलियसला पुढच्या बैठकीचं बोलावणं दिलं. तो म्हणाला, "येईन. पण टेबलं आधीच लावून ठेवा." ती आधी गोंधळली, मग खळखळून हसली.

मी त्याला त्या दिवशी गाडीत शीळ वाजवताना ऐकलं. सरळ चालत घरात शिरला, हवा कुंद होती तरी.

ऑक्टोबरात पहिलं हिव पडलं आणि डेलियाची झाडं काळवंडली. कॉर्नेलियस कंद काढत होता तेव्हा ल्यूशियसकाका कुंपण ओलांडून आत आले. टोपी काढून हातात फिरवायला लागले.

"त्या लालमधले दोन मिळतील का रे?" त्यांनी विचारलं. "बायकोला हवेत."

त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली. कॉर्नेलियसनं तीन कंद निवडले, माती झटकली आणि थंडीत ते कोरड्या भुशात कसे ठेवायचे ते काकांना समजावून सांगायला लागला.