कवडूच्या नावाची जागा

"भाभी, वो कुंकू पोंछ लो," चुन्नीलाल ठेकेदार म्हणाला. "विमेवाला साहब आमगाव नाक्यापर्यंत पोहोचलाय. येऊनच राहिला."

रुख्मा ओसरीवर उभी होती. तिने कपाळाला हात लावला, पण पुसलं नाही.

"माजा मानूस जित्ता आहे गा, चुन्नीभाऊ. गोठ्यात बसला आहे."

"मालूम है, भाभी. पन कागदावर तोच मेला ना." त्याने आवाज खाली आणला. "और इनको लगाना पडेगा." त्याने दाराआड उभ्या असलेल्या चंदाकडे न पाहता बोट केलं. "इनका आदमी कागदावर जिंदा है."

गोठ्यात तनसाच्या ढिगामागे बसलेला कवडू बांबूच्या ताटीच्या फटीतून पाहत होता. वीरेंद्र, त्याचा धाकटा भाऊ, जाऊन अजून महिनाही झाला नव्हता. चंदा वीरेंद्रची बायको. तिला दिवस गेलेले होते.

रुख्माने आपल्या कपाळावरचं कुंकू बोटाने निपटून घेतलं आणि तेच बोट जावेच्या कपाळावर टेकवलं. मग एक एक करून हातातल्या बांगड्या उतरवल्या आणि चंदाच्या हातात चढवल्या. चंदाचे हात बारीक. बांगड्या सैल झाल्या. दोघीही एकमेकींकडे पाहत नव्हत्या.

कवडूने मान खाली घातली. दंडारीत, गावच्या नाचगाण्याच्या खेळात, तो बाईचं सोंग करायचा. लुगडं नेसून तो रडला की बाया पदराने डोळे पुसत. आज खरं सोंग त्याच्या घरच्या बाया करत होत्या, आणि तेही त्याच्यापायी.

गोंदियाबाहेर धान भरडायचा नवा मोठा प्लांट उभा राहिला, तेव्हा गेटवर नियम लागला होता. ठेकेदाराच्या माणसाचा विमा नसेल तर आत पाय ठेवायचा नाही. चुन्नीलालने मोजक्याच माणसांचा विमा काढला, त्यांना फोटोचे पास मिळाले. त्यात कवडू होता. वीरेंद्र नव्हता. कोणी आलं नाही तर दुसरा त्याच्या पासवर जायचा. ते चुन्नीलालला ठाऊक होतं, गेटवरच्या शिपायालाही.

दिवाळीनंतर गावाची मंडई, म्हणजे वर्षाची जत्रा, भरली. दंडार कवडूची. गाणं त्याचं, चाल त्याची. पण खाडा केला की चुन्नीलाल पास काढून घेणार.

"तू गान्याले जाय, दादा," वीरेंद्र म्हणाला होता. "मी जातो तुज्या पासवर. डोक्यावर टोपा घातला का कोन वळखते? नाक तं सारखंच आहे आपलं."

"छपराच्या पत्र्यावर जपून चढजो."

"तू जपून नाच. मागल्या साली लुगडं सुटलं होतं तुजं."

दुपारी मंडई ऐन रंगात होती. पोहे-चिवड्याची दुकानं, पाळणा, बांगडीवाल्यांपुढे बायांची झुंबड. कवडू पायात चाळ बांधून उभा होता. गाण्याच्या शेवटच्या ओळीत गाणाऱ्याने आपलं नाव गुंफायचं, अशी त्या मुलखाची रीत. कापणीनंतर बांदीत, धानाच्या वावरात, गळून राहिलेल्या लोंब्या वेचणाऱ्या मायचं गाणं होतं. कवडूने सूर लावला:

"धान गेला खळ्यावर गा, बांदीत उरलं काय?
कवडू म्हने, सरवा वेचाले मागून येते माय."

तेवढ्यात सायकलवरून एकजण धापा टाकत आला आणि गर्दीच्या कडेला ओरडला, "कवडू मेला गा, प्लांटात! पत्रा फुटला, वरून पडला!"

लोकांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग नाचणाऱ्या कवडूकडे, आणि हसण्याची लाट उठली. कवडूही हसला. शाहीरच तो. हातची संधी कशी सोडणार? ढोलकी थांबू न देता त्याने जागच्या जागी ओळ जुळवली:

"कवडू म्हने, मेलो असन तं नाचून राहिलो काय?"

टाळ्या पडल्या. कोणीतरी टोपी उडवली. एक गिरकी त्याने आणखी घेतली, आणि त्या गिरकीत त्याला कळलं. चाळ वाजतच होते. पाय थांबायला थोडा वेळ लागला.

तो वेळ त्याला पुढे कधी विसरता आला नाही. भाऊ तिकडे पालथा पडला होता आणि हा इकडे त्याच्या मरणावर टाळ्या घेत होता.

पोलिसांनी पासवरचं नाव लिहिलं. चुन्नीलाल रात्रीतून आला आणि कवडूच्या पाया पडला. खरं सांगितलं तर विमा नाही, चंदाच्या हातात काही नाही, त्याचा ठेकाही जाणार. गावाने पोटातल्या लेकराकडे पाहून तोंड मिटलं. कवडूने आपलं मरण कबूल केलं.

विम्याचा साहेब पन्नाशीचा होता. नागपूरहून आलेला, घामेजलेला. त्याने ओसरीवर बसून रुमालाने मान पुसली आणि रुख्माला विचारलं, "बाई, त्या दिवशी सकाळी ते काही म्हणाले होते का? तब्येत वगैरे ठीक होती?"

 त्या सकाळी रुख्माचा नवरा आरशापुढे बसून दंडारीच्या सोंगासाठी मिशी काढत होता.

"बोला, बाई."

दारातून चंदा बोलली. "म्हनले, लवकर येतो. मंडई उठाच्या आधी येतो. बांगड्या भरून देतो."

साहेबाचा रुमाल मानेवरच थांबला. त्याने चंदाच्या हातातल्या सैल बांगड्या पाहिल्या, मग रुख्माच्या मोकळ्या मनगटांवरचे ताजे वळ पाहिले.

"कोणाला भरून देतो म्हणाले?"

चुन्नीलाल उगाच खोकला.

"मले," रुख्मा म्हणाली.

"आणि मयताचा भाऊ? तो कुठं आहे?"

गोठ्यात कवडूने दोन्ही हात जमिनीवर टेकले. आता उठावं. बाहेर जावं. सांगावं, साहेब, तो मीच, मेला तो दुसरा. चंदाचं आपल्याच दारात सवाशिणीचं सोंग घेऊन उभं राहणं संपेल. पण मग तिच्या लेकराचं काय? तो अर्धा उठला. बैलाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. कवडू खाली बसला. लेकरासाठी बसला, असं त्याने मनाला सांगितलं. पण भीतीही होती, आणि ती त्याला ठाऊक होती.

"बाहेरगावी गेला," रुख्मा म्हणाली.

साहेबाने गोठ्याकडे एकदा पाहिलं. चंदाने पाण्याचा गडवा पुढे केला. साहेब सावकाश पाणी प्यायला.

"झालं माझं," तो उठत म्हणाला. बोलला रुख्माशी, पण नजर चंदाकडे होती. "या बाईंना जपा. अशा दिवसांत फार रडू देऊ नका."

गाडी गेली तशी चंदा न्हाणीत गेली. कपाळावर पाणी मारल्याचा आवाज कवडूला ऐकू आला, मग बांगड्या दगडावर ठेवल्याचा. एकाच माणसासाठी ती दुसऱ्यांदा विधवा झाली होती.

विमा मंजूर झाला. रुख्माने सगळं चंदाच्या हवाली केलं आणि त्यावर घरात पुन्हा शब्द निघाला नाही. पण गावातून कवडू हे नाव उठलं. कोणी दुष्टाव्याने नाही, उलट मायेने. परक्या माणसापुढे चुकून तोंडातून जाऊ नये म्हणून लोक त्याला "अगा" म्हणू लागले, मग सवयच पडली. रेशनवाला त्याला मुद्दाम मोठ्याने "काय वीरेंद्रभाऊ" म्हणायचा. कवडू ओ द्यायचा, आणि प्रत्येक वेळी त्याला गिरकी आठवायची.

चंदाची माफी मागायची सोय नव्हती. भासऱ्याने, म्हणजे थोरल्या दिराने, धाकट्या भावजयीशी तोंडासमोर बोलू नये, ही घरची रीत. ती समोरून आली की तो वाट सोडून बांदीत उतरायचा.

पुढच्या मंडईच्या आधी दंडारीचा म्होरक्या शालीकराम ओसरीवर येऊन बसला.

"चाल गा. तुज्याबिगर रंग नाही."

"माज्या पायाले चाळ नको लावू."

"चाळ नको बांधू. उभा राहून म्हन फक्त."

"नाही म्हनलं ना."

आत चंदा लेकराला पाजत होती. ती रुख्माला म्हणाली, पण ओसरीवर ऐकू जाईल इतक्या आवाजात, "जाऊबाई, त्यायले सांगा, जा म्हना. लेकराच्या बापाले ते गानं आयकाचं होतं. त्याच्यासाठीच लवकर येतो म्हनले होते."

कवडू बराच वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत बसला.

मंडईत तो साध्या धोतरात उभा राहिला. बायांच्या घोळक्यात चंदा होती, कडेवर पोरगा. कवडूने गाणं धरलं. आवाज खरखरत होता, पण चाल तीच.

"धान गेला खळ्यावर गा, बांदीत उरलं काय?"

पुढची ओळ आली. नावाची जागा आली. त्याने तोंड उघडलं आणि काहीच निघालं नाही. आपलं नाव घेण्याचा हक्क नव्हता, भावाचं घेण्याची लाज वाटत होती. ढोलकीवाला थबकला, मग तेवढ्या जागेत त्याने दोन हलक्या थापा दिल्या.

"...म्हने, सरवा वेचाले मागून येते माय."

कोणी टाळी वाजवली नाही. चंदाने पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

ते गाणं तिकडच्या मंडईत अजून म्हणतात. शेवटच्या ओळीत नव्या दमाचे शाहीर थोडं थांबतात, ढोलकीच्या दोन थापा जाऊ देतात आणि मग पुढे म्हणतात. त्यांना वाटतं, चालच तशी आहे.