वामकुक्षी

"बाबा, उठा! शुगर साठच्या खाली गेली!"

सूनबाई साखरपाण्याचा पेला घेऊन धावत आली. डाव्या कुशीवर गाढ झोपलेले चेनवाले काका उठून बसले आणि मुकाट्याने पेला रिकामा केला.

दंडावर शुगर मोजणारं ते बटणाएवढं यंत्र चिकटवल्यापासून रोज दुपारी हाच तमाशा. बोटाला सुई टोचायचा जाच टळला म्हणून काका आधी खूश होते. आता शुगर उतरली की यंत्र सूनबाईच्या फोनवर बोंब मारायचं, आणि साखरपाण्याने तासाभरात आकडा आभाळाला भिडायचा. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झाली होती.

"दुकानाची किल्ली द्या," मुलगा म्हणाला. "मशीनवर चक्कर आली म्हणजे? सिस्टर काय म्हणतात ते बघू, मग ठरवू."

काकांनी किल्ली दिली खरी, पण त्यांना धडकीच भरली. बॅगांच्या चेनी दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. बायको गेल्यापासून त्यांची वाट बघणारं असं ते दुकानच काय ते उरलं होतं.

दवाखान्यात सिस्टरने आलेख पाहिला. "रोज जेवणानंतरच उतरते. तेव्हा काय करता, काका?"

"वामकुक्षी."

"म्हणजे?"

"वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. डाव्या कुशीवर पडतो जरा."

सिस्टरने त्यांच्या डाव्या दंडाकडे बघितलं आणि तिला हसूच फुटलं. "अहो, यंत्रावरच झोपता की! दाबलं गेलं की ते उगीच कमी दाखवतं. तेव्हा बोटातलं रक्त तपासलंत का कुणी?"

सूनबाईने जीभ चावली.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," म्हणत मुलाने किल्ली परत दिली.

"उजव्या दंडावर लावू?" सिस्टरने विचारलं.

"नको. तिथे बॅगेच्या पट्ट्याने पहिल्याच दिवशी उखडलं होतं."

"मग उजव्या कुशीवर झोपा. त्यात काय!"

काकांनी किल्ली खिशात टाकली.

घरी काकांच्या खोलीत दोन खाटा होत्या. डावीकडे भिंतीला लागून त्यांची, उजवीकडे बायकोची. जन्मभर ते तिच्याकडे पाठ करूनच झोपले. "अहो, संसार भिंतीशी केलात की माझ्याशी?" असं म्हणत ती त्या पाठीशीच गप्पा मारत राहायची, आणि हे 'हुं, हुं' करत झोपी जायचे. ती गेल्यावर तीच सवय कामी आली. रिकामी खाट बघवत नव्हती, आणि बघावीही लागत नव्हती.

दुसऱ्या दिवशी काका दुकानातून आले, जेवले, आडवे झाले. थोडा वेळ छताकडे बघत राहिले. मग हळूच उजव्या कुशीवर वळले. समोर तिची चादर होती, एकही सुरकुती नसलेली.

दारातून सूनबाईने फोन बघत विचारलं, "झोपलात का, बाबा? आकडा अगदी छान आहे हो आज."

"हुं," समोरच्या खाटेकडे बघत काका म्हणाले.